विमान अपघातांचे आकडे छापताना खालचा छेदही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर मराठी दैनिकांत, आपल्याही, विमान अपघातांच्या आकडेवारीच्या चौकटी वारंवार दिसू लागल्या आहेत. यंदा जगात इतके अपघात, इतके मृत्यू, गेल्या वर्षीपेक्षा इतके पट. हे आकडे सहसा खोटे नसतात. अडचण अशी की ते कुणी मोजले, कशाला अपघात म्हणून मोजले आणि किती उड्डाणांत मोजले, हे चौकटीत नसते. त्यामुळे एकाच वर्षाबद्दल दोन दैनिके दोन आकडे देतात आणि दोन्ही बरोबर असतात.

२०२४ चे उदाहरण घ्या. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना. तिच्या अहवालात त्या वर्षी ४ कोटी ६ लाख उड्डाणांत ७ प्राणघातक अपघात, विमानातल्या २४४ जणांचा मृत्यू आणि दहा लाख उड्डाणांमागे १.१३ अपघात असा दर आहे. इकाओ ही संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना. तिच्या अहवालात त्याच वर्षी ९५ अपघात, त्यांपैकी १० प्राणघातक, २९६ मृत्यू आणि दर २.५६. म्हणजे दर दुपटीहून जास्त. यात कुणी काही लपवलेले नाही. दोघांच्या चाळण्या वेगळ्या आहेत, इतकेच.

इकाओची व्याख्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात आहे आणि ती बरीच रुंद आहे. उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत कुणाचा मृत्यू झाला, कुणी गंभीर जखमी झाले, विमानाच्या सांगाड्याला मोठी दुरुस्ती लागेल असे नुकसान झाले किंवा विमान बेपत्ता झाले, तर तो अपघात. गंभीर जखम कोणती, तेही ठरलेले आहे: जखम झाल्यापासून सात दिवसांच्या आत दाखल होऊन ४८ तासांपेक्षा जास्त इस्पितळात राहावे लागणे, किंवा बोटे आणि नाक यांचे साधे फ्रॅक्चर सोडून कोणतेही हाड मोडणे. त्यामुळे हवेतल्या हिसक्याने हवाई सुंदरीचा घोटा मोडला, विमानाला ओरखडाही आला नाही आणि ते वेळेवर उतरले, तरी इकाओच्या वहीत एक अपघात वाढतो. आयाटाच्या वहीत तो येत नाही. तिथे विमानाचे नुकसान दहा लाख डॉलर किंवा विमानाच्या विमा-मूल्याच्या दहा टक्के, यांतली जी रक्कम कमी असेल तिच्या वर जावे लागते, नाहीतर विमान पूर्ण निकामी ठरावे लागते. दरातली मोठी तफावत इथूनच येते.

मृत्यूलाही मुदत आहे. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यूच आकडेवारीत धरतात. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला उतरणारे प्रवासी विमान वादळी हवेत सापडले आणि अनेक जण जखमी झाले. त्यांतला एक प्रवासी सप्टेंबरमध्ये दगावला. घरच्यांच्या दृष्टीने तो विमान अपघाताचाच बळी. जागतिक आकडेवारीत मात्र ती नोंद गंभीर जखमीची. उलट बाजूही पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलून बाहेर काढण्याच्या, वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. विमान उडालेही नव्हते म्हणा, पण प्रवासी आत होते आणि हेतू उड्डाणाचा होता. व्याख्येनुसार हा पूर्ण प्राणघातक अपघात.

तिसरी वही बोइंगची. ती सर्वांत जास्त उद्धृत होते आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. त्यात फक्त ६०,००० पौंडांवरची, म्हणजे साधारण २७ टनांवरची, पाश्चात्त्य बनावटीची व्यापारी जेट विमाने येतात. पंख्याची टर्बोप्रॉप नाहीत, जुनी सोव्हिएत बनावटीची नाहीत. घातपात, अपहरण आणि लष्करी कारवाई दराच्या हिशेबातून वगळलेली असते. याचा परिणाम किती मोठा होतो ते बघा. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्यात ७२ जण गेले. ते एटीआर-७२ हे टर्बोप्रॉप होते, म्हणून या तक्त्यात ती दुर्घटनाच नाही. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर पाडलेल्या मलेशियन विमानातले २९८ जण दरात नाहीत. २४ मार्च २०१५ ला सहवैमानिकाने जाणूनबुजून आल्प्सवर आदळवलेल्या विमानातले १५० जणही नाहीत. बोइंगला यंत्र आणि परिचालन यांची सुरक्षितता मोजायची आहे, युद्ध आणि आत्मघात नव्हे, तेव्हा त्यांच्या कामापुरते ते योग्यच आहे. पण 'जगात त्या वर्षी विमान अपघातात इतके मेले' या वाक्याखाली तो आकडा टाकणे चूक.

चाळणीतून पडणाऱ्यांची यादी आणखी लांबेल. २४ जुलै २०२४ ला काठमांडूत उड्डाण करतानाच कोसळलेले विमान देखभालीसाठी पोखऱ्याला चालले होते. १९ पैकी १८ जण गेले, पण व्यापारी फेरी नसल्याने आयाटाच्या व्याख्येत ते बसत नाही. २ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या बावधनमध्ये हेलिकॉप्टर पडून तिघे गेले, तेही नाही. बारामतीच्या प्रशिक्षण विमानांचे अपघात नाहीत, केदारनाथच्या हेलिकॉप्टर फेऱ्या नाहीत. म्हणून 'विमान प्रवास अत्यंत सुरक्षित' हे वाक्य वेळापत्रकावर चालणाऱ्या मोठ्या विमानांपुरतेच खरे आहे. यात्रेला जाताना हेलिकॉप्टरचे तिकीट काढणाऱ्याने ते स्वतःला लावून घेऊ नये. आपल्या वाचकांत असे बरेच आहेत.

आता छेदाबद्दल. मृत्यू भागिले किलोमीटर, भागिले तास, की भागिले उड्डाणे? बोइंगच्या हिशेबात दीड तासाच्या फेरीतले शेवटचा अ‍ॅप्रोच (धावपट्टीच्या रोखाने खाली येणे) आणि प्रत्यक्ष उतरणे हे दोन टप्पे मिळून वेळेच्या चार टक्के भरतात आणि प्राणघातक अपघातांपैकी जवळपास निम्मे या चार टक्क्यांत होतात. उंचीवरून संथ उडण्याचा टप्पा ५७ टक्के वेळ घेतो आणि त्यात तुलनेने फार थोडे घडते. धोका चढण्या-उतरण्यात साठलेला असेल तर किलोमीटरने भागणे फसवे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान आणि पुण्याहून गोव्याला जाणारे विमान दोन्ही एकदाच चढतात, एकदाच उतरतात. किलोमीटरने भागले की पहिले कितीतरी पट सुरक्षित दिसते, ते केवळ अंतर मोठे म्हणून. तेव्हा छेद उड्डाणांचा हवा. प्रवाशाच्या नजरेतून पाहायचे तर दर विमानारोहणामागे मृत्यू किती, असा.

हा दुसरा हिशेब एमआयटीतले संख्याशास्त्रज्ञ आर्नल्ड बार्नेट वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांच्या मोजणीत १९६८ ते १९७७ या काळात जगात दर साडेतीन लाख आरोहणांमागे एक मृत्यू होता. २०१८ ते २०२२ मध्ये तो दर १ कोटी ३७ लाखांमागे एक झाला. आज वर्षाला चार अब्जांहून अधिक प्रवासी उडतात. सत्तरच्या दशकातला धोका तसाच राहिला असता तर वर्षाला अकरा हजारांहून जास्त मृत्यू दिसले असते. भारत त्यांच्या वर्गवारीत जगातल्या तीन गटांपैकी मधल्या गटात आहे, सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि ब्राझीलच्या पंगतीत.

(रस्त्यांशी तुलना करण्याचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जण गेले, म्हणजे रोज सरासरी ४६२. आकडा भयंकर आहे. पण तो विमानाच्या आकड्याशेजारी ठेवला की आपणही तीच चूक करतो, कारण दोन्हींचे छेद वेगळे.)

सगळ्यात जास्त गफलत होते ती लहान संख्यांची. आयाटाच्या हिशेबात २०२३ मध्ये एक प्राणघातक अपघात होता आणि २०२४ मध्ये सात. मथळा तयार: 'विमान अपघातांत सातपट वाढ'. पाच वर्षांची सरासरी पाच आहे. ज्या घटना विरळ असतात आणि एकमेकींवर अवलंबून नसतात, त्यांची सरासरी पाच असेल तर कोणत्याही एका वर्षी एक ते नऊ यांतला आकडा येण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के असते. जगात काहीही बदललेले नसताना एक वर्ष एकाचे, पुढचे सातांचे आणि त्यापुढचे तिनाचे निघू शकते. एका दिवसाच्या पावसावरून खडकवासला धरणाचा साठा सांगण्यातला हा प्रकार. मृत्यूंची बेरीज तर त्याहून अस्थिर, कारण ती विमान किती भरलेले होते यावर नाचते. २०२४ च्या २४४ पैकी १७९ एकट्या दक्षिण कोरियातल्या मुआनच्या धावपट्टीवरचे आहेत आणि ६२ ब्राझीलमधल्या एका एटीआरमधले. उरले तीन.

म्हणून जाणकार मृतांची बेरीज करत नाहीत. प्रत्येक अपघातात विमानातल्या लोकांपैकी किती हिस्सा गेला ते काढून ते हिस्से मिळवतात. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी १९० पैकी २१, म्हणजे ०.११. मंगळूरला २२ मे २०१० रोजी १६६ पैकी १५८, म्हणजे ०.९५. अहमदाबादला २४२ पैकी २४१, म्हणजे जवळपास पूर्ण १. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत इंजिनाचा तुकडा खिडकीवर बसून एक प्रवासी गेली, त्याचा हिस्सा अर्धा-पाऊण टक्का. 'प्राणघातक अपघात' म्हणून मोजले तर ती एक आणि मुआनची एक, दोन्ही सारख्या. हिस्सा काढला की फरक दिसतो. अहमदाबादला जमिनीवर गेलेले १९ जण मात्र या मापात येत नाहीत. त्यांच्यासह एकूण मृत्यू २६०.

विमानाच्या प्रकारांची तुलनाही अशीच. बोइंग ७८७ ऑक्टोबर २०११ पासून सेवेत आहे आणि अहमदाबादपर्यंत त्याचा प्राणघातक अपघातांचा दर शून्य होता. कॉन्कॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचाही १९७६ ते २५ जुलै २००० पर्यंत शून्यच होता. त्या दुपारी पॅरिसजवळ विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले आणि दर एकदम दहा लाख उड्डाणांमागे ११ च्या वर गेला, कारण त्या ताफ्याची एकूण उड्डाणेच लाखाच्या आत होती. कॉन्कॉर्ड २४ जुलैला जगातले सर्वांत सुरक्षित आणि २५ जुलैला सर्वांत धोकादायक, असे तक्ता म्हणेल. विमान तेच होते.

'शून्य अपघात' असलेल्या कंपनीबद्दल संख्याशास्त्रात एक साधा नियम आहे. क्ष उड्डाणांत एकही घटना घडली नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरा दर ३ भागिले क्ष यापेक्षा कमी आहे. वर्षाला पाच लाख उड्डाणे करणारी एखादी मोठी कंपनी पाच वर्षे निर्धोक उडाली, म्हणजे २५ लाख उड्डाणे. तीनला पंचवीस लाखांनी भागा: दहा लाखांमागे १.२ पर्यंत काहीही असू शकते. जगाचा २०२४ चा प्राणघातक दर आहे दहा लाखांमागे ०.१७. म्हणजे ती कंपनी जगापेक्षा चांगली आहे की सातपट वाईट, हे पाच वर्षांच्या कोऱ्या पाटीवरून कळतच नाही. वर्षअखेरीस 'सर्वांत सुरक्षित विमान कंपन्या' म्हणून ज्या याद्या येतात, त्या छापायच्या असतील तर मनोरंजनाच्या पानावर छापाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याचाच हिशेब करून पाहू. लोहगावहून वर्षाला ढोबळमानाने ३० ते ३५ हजार विमाने चढतात आणि तितकीच उतरतात. प्रत्येक उड्डाणाचे एक टोक इथे धरले तर ही साधारण तेवढीच पूर्ण उड्डाणे. जागतिक दर ५८ लाख उड्डाणांमागे एक प्राणघातक अपघात असा आहे, त्यामुळे आपल्या वाट्याला तो पावणेदोनशे वर्षांत एकदा येतो. पुण्याचे विमानतळ सुरक्षित आहे की नाही हे प्राणघातक अपघात मोजून ठरवायचे म्हटले, तर उत्तराला सहा-सात पिढ्या थांबावे लागेल. अपघात इतके कमी झाले की त्यांच्यावरून काही मोजता येत नाही. मोजायचे ते त्यांच्या आधीच्या लहान घटनांना.

वॉशिंग्टनमध्ये हे फार महागात कळले. २९ जानेवारी २०२५ ला पोटोमॅक नदीवर प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ जण गेले. त्याआधी अमेरिकेत असे मोठे प्रवासी विमान कोसळले होते ते थेट फेब्रुवारी २००९ मध्ये. मधल्या सोळा वर्षांचा तक्ता डोळ्यांत भरावा असा. दुर्घटनेनंतर एनटीएसबी या तपास संस्थेने आधीची नोंद चाळली. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळावरच्या ९,४४,१७९ व्यापारी हालचालींत विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैल आडवे आणि ४०० फूट उभे यांपेक्षा जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सापडल्या. त्यांतल्या ८५ वेळा आडवे अंतर दीड हजार फुटांहून आणि उभे २०० फुटांहून कमी होते. हे सगळे आकडे आधीपासून यंत्रांत साठलेले होते. कुणी बेरीज केली नव्हती.

आपल्याकडे कोणत्या लहान घटना मोजायला हव्यात, ते लोहगावची धावपट्टीच सांगते. लांबी २,५३५ मीटर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५९२ मीटर. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असतो तेव्हा हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी धावपट्टी पाच हजार फुटांवर आहे. वेगदर्शकावर १४० नॉट (ताशी सागरी मैल) दिसत असताना हवेतला खरा वेग १५१ नॉटच्या आसपास असतो. त्यात मागून १० नॉट वारा आला तर जमिनीवरचा वेग १६१, आणि ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून ती आणखी तेरा-चौदा टक्क्यांनी चढते. १५० नॉटला विमान सेकंदाला ७७ मीटर कापते. चाके टेकवायला वैमानिकाने पाच सेकंद जास्त घेतली की ३८५ मीटर धावपट्टी मागे गेली. कोझिकोडला नेमके हेच घडले: पाऊस, मागून वारा आणि २,७०० मीटरच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे अर्धी संपल्यावर. पुढे टेबलटॉप, म्हणजे टेबलासारख्या उंच सपाटीवरच्या, धावपट्टीची कड होती.

असे विमान येते कुठून? बहुतेकदा अस्थिर अ‍ॅप्रोचमधून. नियम सोपा आहे. ढगात असाल तर धावपट्टीच्या वर हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर चाके व फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) ठरल्या जागी हवेत, वेग ठरलेल्या वेगापेक्षा वीस नॉटहून जास्त नको, खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत हवा, विमान उताराच्या आणि मध्यरेषेच्या संकेतावर हवे, चेकलिस्ट संपलेली हवी. यांतले एकही नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून परत वर. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार जगात साडेतीन-चार टक्के अ‍ॅप्रोच अस्थिर असतात आणि त्यांपैकी जेमतेम तीन टक्के वैमानिक गो-अराउंड करतात; बाकीचे ९७ टक्के तसेच उतरतात, आणि जवळजवळ नेहमी सुखरूप उतरतात. दर वेळी निभावते म्हणून सवय पडते. मंगळूरचा अ‍ॅप्रोच अस्थिर होता, सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलेही होते.

याचे प्रमाण पुण्यात काढले तर? रोज शंभरएक विमाने उतरतात असे धरू. जागतिक सरासरीने रोज तीन-चार अस्थिर अ‍ॅप्रोच, महिन्याला शंभराच्या घरात. शंभर हा आकडा संख्याशास्त्राला पुरतो. पुढच्या महिन्यात तो दीडशे झाला तर नक्की काहीतरी बदलले आहे, मग ते वाऱ्याची दिशा असो, नियंत्रकांनी दिलेला आखूड मार्ग असो की नवे वेळापत्रक. प्रत्येक फेरीची ही नोंद विमानातल्या रेकॉर्डरमधून कंपनी उतरवून घेते. भारतात ते बंधनकारक आहे. म्हणजे माहिती आहे, ती फक्त विमानतळवार एकत्र करून लोकांपुढे येत नाही. वाचकांनीही एक लक्षात ठेवावे. तुमचे विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन पुन्हा वर गेले तर 'थोडक्यात बचावले' अशी बातमी पाठवू नका. वैमानिकाने नियम पाळला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी मोजायची गोष्ट धावपट्टीवरचा अडथळा आणि शेपटी घासणे. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावहून दिल्लीला निघालेले ए-३२१ १२० नॉटच्या वर धावत असताना समोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने ठरल्या वेळेआधी नाक उचलले, शेपटी धावपट्टीला घासली, विमान दिल्लीला सुखरूप पोचले. कुणाला खरचटले नाही आणि जागतिक मृत्यूंच्या तक्त्यात याचा मागमूस नाही. पण शेपटी घासणे ही किरकोळ बाब नाही. २ जून १९७८ ला ओसाकाच्या इतामी विमानतळावर एका ७४७ ची शेपटी अशीच घासली. मागच्या दाबभिंतीची (केबिनमधला हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीची) दुरुस्ती करताना जोडपट्टी अखंड बसवायची होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे जो भार रिव्हेटांच्या दोन रांगांनी घ्यायचा, तो एकाच रांगेवर आला. प्रत्येक उड्डाणात केबिन फुगते आणि उतरल्यावर सैल होते, तशी त्या रांगेतली चीर वाढत गेली. बारा हजारांहून जास्त उड्डाणांनंतर, १२ ऑगस्ट १९८५ ला, भिंत फुटली, शेपटीचा उभा पंखा आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या आणि ५२० जण मेले. एका विमानाच्या अपघातात इतके मृत्यू आजवर दुसऱ्या कुठल्याही दुर्घटनेत झालेले नाहीत. तक्त्यात ती १९८५ सालात दिसते. तिचे मूळ १९७८ च्या एका अशा घटनेत आहे जी कुठल्याही वृत्तपत्राने दुसऱ्या दिवशी विसरली असेल.

तिसरी गोष्ट पक्षी. याचे माप डीजीसीए ही आपली विमान वाहतूक नियामक संस्था दर दहा हजार हालचालींमागे किती धडका असे घेते, आणि हे माप योग्य आहे, कारण नुसती संख्या विमाने वाढली की आपोआप वाढते. लोहगावभोवती मुख्य उपद्रव घारींचा. ऊन तापले की त्या गरम हवेच्या झोतावर घिरट्या घेत वर चढतात आणि खाली चिकन-मटण दुकानांचा कचरा दिसला की तिथेच फिरत राहतात. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे आणि कचरा टाकणे याला विमान नियमावलीतल्या ९१ व्या नियमाने बंदी आहे. दहा किलोमीटर म्हणजे धानोरी, वडगाव शेरी, खराडी, येरवडा तर आलेच, निम्मे शहर आले. हा नियम कुणाच्या लक्षात असल्याचे उकिरड्यांकडे बघून वाटत नाही. धडक बसली की विमान उतरल्यावर पंख्याच्या पात्यांच्या कडा वळल्या आहेत का ते बघतात, रक्त-पिसे इंजिनाच्या आतल्या गाभ्यात गेली असतील तर बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) पाती टप्प्याटप्प्याने तपासतात. यात काही तास सहज जातात आणि परतीची फेरी रद्द होते. बातमी फेरी रद्द झाल्याची येते, कचऱ्याची येत नाही.

इथे एक सावधगिरी. धडकांची नोंद वाढली म्हणजे धोका वाढला असे नाही. धावपट्टीवर सापडलेला मेलेला पक्षी मोजायला सुरुवात केली, कर्मचाऱ्यांना कळवायची सवय लागली, की आकडा फुगतो, आणि हे चांगले लक्षण असते. ज्या विमानतळावर वर्षभरात दोनच धडका नोंदल्या जातात, तिथे पक्षी कमी नसून वही बंद असण्याची शक्यता जास्त. म्हणून एकूण धडकांसोबत नुकसान झालेल्या धडका वेगळ्या द्याव्या लागतात. त्या लपत नाहीत.

आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. एक, अपघाताच्या बातमीखाली आकडेवारी द्याल तेव्हा एका ओळीत चार गोष्टी द्या: मोजणारी संस्था, कोणती विमाने धरली, किती उड्डाणांत, आणि गेल्या पाच वर्षांची सरासरी. जागा फार लागत नाही, 'आयाटा, ५.७ टनांवरची जेट व टर्बोप्रॉप, ४.०६ कोटी उड्डाणे, सरासरी ५' एवढे पुरे. कारणांच्या बाबतीत मात्र घाई नको. तेराव्या परिशिष्टानुसार प्राथमिक अहवाल तीस दिवसांत येतो आणि त्यात फक्त काय घडले ते असते, का घडले ते नाही. 'ऐंशी टक्के अपघात मानवी चुकीने' हे वाक्य तर कायमचे काढून टाकावे. जीप धावपट्टीवर कशी आली, रिव्हेट कुणी ठोकले, हेही मानवीच आहे.

दोन, पुण्यापुरते पाठपुरावा करा. लोहगावची धावपट्टी आणि नियंत्रण हवाई दलाकडे, टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे, कचरा महापालिकेकडे आणि उड्डाणांची नोंद कंपन्यांमार्फत डीजीसीएकडे आहे. चौघांकडे चार तुकडे. हवाई दलाच्या कामाचे तपशील कुणी मागत नाही. नागरी विमानांपुरते महिन्याचे पाच आकडे हवेत: एकूण हालचाली, गो-अराउंड, धावपट्टीवरील अनधिकृत प्रवेश, मागून पाच नॉटपेक्षा जास्त वारा असताना झालेली अवतरणे, आणि दहा हजारांमागे पक्ष्यांच्या धडका, नुकसानीच्या वेगळ्या. कंपन्यांची नावे नकोत, नाहीतर नोंदी दडवल्या जातील. विमानतळ परिसराच्या पर्यावरण समितीच्या बैठकीत हे आकडे ठेवायला लावणे महापालिकेच्या एखाद्या नगरसेवकालाही जमेल, आपल्या वार्ताहराने विचारले तर आणखी लवकर जमेल. पुरंदरचे विमानतळ होईल तेव्हा तिथे ही वही पहिल्या दिवसापासून उघडता येईल, कारण तिथे तुकडे जोडायची कटकट कमी असेल.

एप्रिल-मेचे आकडे आधी मागावेत. उष्णता, दुपारचे वारे आणि घारी तिन्ही तेव्हा एकदम असतात, आणि जून उजाडला की धावपट्टी ओली होते.

कळावे,
आपला,
एक वाचक
विमाननगर, पुणे